चेहऱ्यावरून मन वाचता येतं का? आणि खोटं?

प्रश्न असा आला आहे: ‘मी पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये काम करतो. आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा ठरते आहे. विषय, चेहऱ्यावरच्या सूक्ष्म हावभावांवरून उमेदवार खोटं बोलतोय का ते ओळखणं. त्याच्या जोडीला व्हिडिओ मुलाखतीतला चेहरा तपासून आत्मविश्वास, प्रामाणिकपणा वगैरेंना गुण देणारं सॉफ्टवेअर घ्यायचंही चाललं आहे. याला मानसशास्त्रात खरंच आधार आहे का? आणि एक घरचं विचारतो. वडिलांना पार्किन्सन्स आहे. आई म्हणते, हे हल्ली सतत माझ्यावर रागावलेले असतात. बाबा म्हणतात, मी रागावलेलो नाही. कोणाचं खरं मानायचं?’

घरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: बाबांचं. का, ते शेवटी सांगते. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे.

कार्यशाळेबद्दल. चेहऱ्याच्या हालचाली मोजता येतात, अगदी काटेकोरपणे मोजता येतात. त्या हालचालींवरून मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो, पण आजूबाजूचं सगळं माहीत असेल तरच, आणि तो अंदाजच राहतो. माणूस खोटं बोलतोय की नाही, हे मात्र चेहऱ्यावरून कळत नाही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कार्यशाळावाले पुरावे पहिलीचे दाखवतात आणि विकतात तिसरी.

आता जरा मागे जाऊ. चार्ल्स डार्विन यांनी १८६७ च्या सुरुवातीला १६ प्रश्नांची एक छापील यादी जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना आणि वसाहतींत राहणाऱ्या गोऱ्या लोकांना पाठवली. आश्चर्य वाटलं की तिथले लोक डोळे आणि तोंड विस्फारतात का, भुवया वर जातात का, अशा धर्तीचे प्रश्न. ३६ जणांची उत्तरं आली आणि त्यांच्या आधारावर १८७२ मध्ये त्यांचा भावनांच्या अभिव्यक्तीवरचा ग्रंथ निघाला. त्यातलं एक उत्तर आपल्या नगरचं आहे. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या साहेबाने इथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले आणि कळवलं, की खात्रीचा निष्कर्ष काढणं फार कठीण आहे, कारण युरोपियन माणूस समोर असला की हे लोक आपल्या भावना लपवूनच ठेवतात.

माझ्या मते त्या सगळ्या पत्रव्यवहारातलं हे सर्वांत शहाणं निरीक्षण आहे. चेहरा हा समोर कोण बसलंय यावर ठरतो. तुमच्या मुलाखतीच्या खोलीत काय वेगळं असतं? टेबलाच्या एका बाजूला नोकरी देणारा आणि दुसऱ्या बाजूला नोकरी मागणारा. तिथे दिसणारा चेहरा साहेबापुढचा चेहरा असतो. त्यावरून प्रामाणिकपणा काढायला निघालात, तर त्या अर्स्किनसाहेबाएवढा तरी नम्रपणा हवा.

डार्विन यांची यादी नीट पाहिली तर आणखी एक गोष्ट खटकते. बऱ्याच प्रश्नांत उत्तर आधीच घालून ठेवलेलं आहे. आश्चर्य म्हणजे विस्फारलेले डोळे, असं गृहीत धरून मग ‘तसं होतं का’ एवढंच विचारलं आहे. हा दोष पुढची शंभर वर्षं या शास्त्राच्या मागे लागला. गंमत म्हणजे खुद्द डार्विन यांनी उलटा प्रयोगही केला होता. फ्रान्सच्या दुशेन या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन वेगवेगळे भाव उमटवले होते आणि त्यांचे फोटो काढले होते. डार्विन यांनी त्यातले काही निवडक फोटो विसाहून अधिक लोकांना दाखवले, एक शब्दही न सुचवता, आणि विचारलं, याच्या मनात काय चाललंय? काही फोटोंवर जवळपास सगळ्यांचं एकमत झालं. काहींवर मात्र टोकाची वेगवेगळी मतं पडली. डार्विन यांनी प्रांजळपणे लिहिलं आहे, की खालचा मजकूर न वाचता हे फोटो पाहिले असते तर आपणही गोंधळलो असतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या फोरे लोकांकडे गेले. सिनेमा, मासिकं यांच्याशी फारसा संबंध न आलेले हे लोक. त्यांना छोट्या गोष्टी सांगायच्या, ‘याचं मूल गेलं आहे आणि याला दुःख झालं आहे’, आणि समोरच्या तीन फोटोंतला जुळणारा चेहरा निवडायला सांगायचं. १९७१ मध्ये निष्कर्ष छापले गेले: आनंद, दुःख, राग, किळस यांच्या जोड्या चांगल्या जुळल्या, भीती आणि आश्चर्य या दोहोंत मात्र फरक करता आला नाही. त्यातून ‘सहा मूलभूत भावना, सहा वैश्विक चेहरे’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांत शिरलं ते अजून निघालेलं नाही. तुमच्या कार्यशाळेच्या पहिल्या स्लाइडवर तेच सहा चेहरे असतील, पैज लावते.

पण पुन्हा तेच: पर्याय समोर ठेवले की माणूस त्यांतून निवडतो. पर्याय काढून घेतले तर काय होतं, हे नंतर तपासलं गेलं. मारिया जेंड्रॉन आणि सहकाऱ्यांनी नामिबियातल्या हिंबा लोकांना फोटो दिले आणि एवढंच सांगितलं, की सारख्या वाटतात त्यांचे ढीग करा. पाश्चात्त्य अपेक्षेप्रमाणे सहा नीटस ढीग काही झाले नाहीत. कार्लोस क्रिव्हेली यांच्या चमूने ट्रोब्रियंड बेटांवर असं दाखवलं, की ज्या चेहऱ्याला पाश्चात्त्य देशांत ‘घाबरलेला’ म्हणतात, डोळे ताणलेले आणि तोंड उघडं, तो तिथल्या बऱ्याच तरुणांना रागाचा, धमकावणारा वाटतो. हा अभ्यास २०१६ चा. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे १९९९ मध्ये जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी ओडिशात केलेला अभ्यास. त्यांनी सहा चेहऱ्यांच्या यादीत नसलेला एक चेहरा मुद्दाम घातला: दातांत धरलेली जीभ. ओडिशातल्या लोकांना त्यातली लाज, ओशाळलेपण लगेच कळलं, अमेरिकनांना नाही. मराठी माणसाला हे सांगायलाच नको. चूक झाली की जीभ चावतो आपण. एखाद्या परदेशी सॉफ्टवेअरला ही हालचाल काय वाटेल, देव जाणे.

याचा अर्थ सगळंच संस्कृतीने घडवलेलं आहे, असंही नाही. २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्यूदो खेळाडूंचे चेहरे मात्सुमोतो आणि विलिंगहॅम यांनी ताडून पाहिले. जन्मतः अंध असलेले आणि डोळस खेळाडू हरल्या-जिंकल्यावर पुष्कळशा सारख्याच हालचाली करत होते. ज्यांनी कधी चेहरा पाहिलाच नाही, त्यांनी तो नकलेतून कसा शिकावा? तेव्हा जन्मजात काहीतरी आहे. फक्त ‘एक भावना, एक चेहरा’ असा हिशेब नाही. लिसा फेल्डमन बॅरेट यांच्यासह पाच संशोधकांनी २०१९ मध्ये एक मोठा आढावा घेतला. हे पाचही जण आधी एकाच मताचे नव्हते, हे महत्त्वाचं. त्यांच्या हिशेबानुसार माणूस रागात असताना कपाळाला आठ्या घालून डोळे वटारतो ते साधारण ३० टक्के वेळा. उरलेल्या वेळी राग दुसऱ्याच कुठल्या तरी चेहऱ्याने वावरतो. काही जण हसतात. काही रडतात. काही इतके शांत होतात की घरातल्यांनाच फक्त कळतं. आणि उलट बाजूने, आठ्या घातलेला प्रत्येक माणूस रागावलेला नसतो.

मी स्वतः हालचाली मोजायची जी पद्धत वापरते ती एकमन आणि फ्रीसन यांनीच १९७८ मध्ये तयार केलेली, चेहऱ्याच्या स्नायूंची एक प्रकारची बाराखडी. प्रत्येक हालचालीला क्रमांक असतो. भुवया खाली आणि जवळ येणं म्हणजे ४. गाल वर चढून डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडणं म्हणजे ६. नाक मुरडणं ९. ओठांचे कोपरे वर खेचले जाणं १२. एक मिनिटाची चित्रफीत फ्रेम-फ्रेमने नोंदवायला तासभर सहज जातो, जास्तही. या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की नोंद करताना ‘राग’, ‘आनंद’ हे शब्द वापरायचेच नाहीत. ‘४ दिसला’ एवढंच लिहायचं. मग ४ का दिसला? राग असू शकतो. अवघड प्रश्नावर विचार चालू असेल. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत असेल. चष्म्याचा नंबर वाढलेला असेल. डोकं दुखत असेल. ऑनलाइन मुलाखत असेल तर तुमचा आवाज तुटत असेल. हालचाल नोंदवणं हे शास्त्र झालं, तिच्यावर भावनेचं नाव चिकटवणं ही उडी आहे, आणि सगळा घोळ त्या उडीत होतो.

खऱ्या-खोट्या हसण्याचंही तसंच. डोळ्यांपर्यंत पोहोचलेलं हसू, म्हणजे ६ आणि १२ एकत्र, ते खरं आणि नुसते ओठ हलले तर खोटं, हे कार्यशाळेत हमखास शिकवतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं आहे की ६ आणि १२ पुष्कळ लोकांना मुद्दाम करता येतं. फोटोसाठी जोरात हसा म्हटलं की गाल आपोआप वर जाऊन डोळे बारीक होतातच. शिवाय हसू हे मनातल्या आनंदापेक्षा सोबतीशी जास्त बांधलेलं असतं. १९७९ मध्ये क्राउट आणि जॉन्स्टन यांनी बोलिंग खेळणाऱ्यांवर नजर ठेवली. छान फटका बसल्यावर लोक तिथल्या तिथे क्वचितच हसले, मित्रांकडे वळले तेव्हा हसले. आणि २०१२ मध्ये एविएझर यांच्या चमूने टेनिसपटूंचे अटीतटीचा गुण जिंकल्या-हरल्यानंतरचे फोटो घेतले. नुसता चेहरा दाखवला तर जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे लोकांना सांगता येईना. नुसतं शरीर दाखवलं तर येत होतं. तीव्र भावनेत चेहरा सर्वांत बोलका असतो, या आपल्या समजुतीला हा चांगलाच धक्का आहे.

तुम्ही म्हणाल, मग आपला अभिनय, नवरस यांचं काय? प्रेक्षक ते ओळखतातच ना. ओळखतात, कारण ते ओळखलं जावं म्हणूनच घडवलेलं असतं. अहल्या हेजमाडी यांनी नाट्यशास्त्राच्या परंपरेतले दहा भाव स्वतः सादर करून चित्रित केले, तेव्हा भारतीय आणि अमेरिकन दोन्ही प्रेक्षकांनी ते अंदाजपंचे जुळावेत त्याहून बरेच चांगले ओळखले. हा अभ्यास २००० साली छापला गेला. पण तिथे हात, मान, नजर, वेग सगळं होतं, आणि सांगणाऱ्याला सांगायचं होतं. मुलाखतीला आलेला पोरगा तुमच्यासाठी अभिनय करत नसतो. करत असेल, तर मग तुम्हाला दिसतोय तो अभिनयच.

आता सूक्ष्म हावभाव. १९६६ मध्ये हॅगर्ड आणि आयझॅक्स यांनी मानसोपचाराच्या सत्रांच्या फिल्म सावकाश फिरवून पाहताना डोळ्याला न दिसणारे निमिषभराचे भाव टिपले. एकमन यांनी ती कल्पना वाढवली. असे भाव असतात, यात वाद नाही. वाद पुढे आहे. २००८ मध्ये पोर्टर आणि टेन ब्रिंक यांनी लोकांना मुद्दाम भाव लपवायला सांगून चित्रीकरण तपासलं, तेव्हा असे क्षणिक भाव फार थोडे सापडले, जे सापडले ते अर्ध्याच चेहऱ्यावर, आणि खरा भाव दाखवणाऱ्यांतही ते होते. म्हणजे ‘दिसला की पकडला’ असं काही नाही. शिवाय लपवलेली भीती दिसली, तरी ती कशाची? पकडलं जाण्याची, की खरं सांगूनही विश्वास न बसण्याची? खरं बोलणाऱ्याची घालमेल पाहून त्याला खोटारडा ठरवणं, या चुकीला खुद्द एकमन यांनीच, शेक्सपियरच्या नाटकातल्या संशयी नवऱ्यावरून, ‘ऑथेल्लोची चूक’ असं नाव दिलं आहे. कार्यशाळांत त्यांचं नाव घेतात, हे सांगत नाहीत.

आकडा हवा असेल तर हा घ्या. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये २४ हजारांहून अधिक लोकांनी दिलेले निवाडे एकत्र केले. खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी प्रमाण ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. पोलीस आणि इतर व्यावसायिकांचाही त्यात विशेष वरचा नंबर नव्हता. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचं वागणं आणि चेहरे पाहून संशयित हेरण्याचा कार्यक्रम २००७ पासून चालला, त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की हे उपयोगी पडतं याचा पुरावा नाही, यावरचा निधी मर्यादित करा. तुमच्या कंपनीचं बजेट त्याहून लहान असणार, पण तर्क तोच.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. त्याला शिकवताना माणसांनीच फोटोंवर ‘राग’, ‘आनंद’ अशी लेबलं चिकटवलेली असतात. म्हणजे वर सांगितलेली उडी आधीच मारून झालेली असते, फक्त ती आता दशांश चिन्हासकट येते म्हणून शास्त्रीय वाटते. २०१८ मध्ये लॉरेन ऱ्हू यांनी अमेरिकन बास्केटबॉलपटूंचे फोटो अशा प्रणालींना दिले, तर कृष्णवर्णीय खेळाडूंना जास्त नकारात्मक भावना चिकटवल्या गेल्या. हायरव्ह्यू या व्हिडिओ मुलाखतींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये मुलाखतीतल्या चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना सांगण्याची सोय मागे घेतली. युरोपीय संघात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांपुरता अपवाद सोडून. तुमच्या कंपनीचं युरोपात काम असेल तर ही ओळ वरिष्ठांना जरूर दाखवा. मानसशास्त्रापेक्षा कायद्याची भाषा बैठकीत लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

पैसे खर्च करायचेच असतील तर सर्व उमेदवारांना तेच ठरलेले प्रश्न, उत्तरांना आधी ठरवलेले निकष, आणि प्रत्यक्ष कामाचा एखादा छोटा नमुना करून घेणं, यावर करा. भविष्यातलं काम कसं होईल याचा अंदाज यातून कितीतरी चांगला येतो. बायोडेटातल्या दाव्याबद्दल शंका असेल तर तपशील विचारा: त्या प्रकल्पात तुमचा वाटा नेमका कोणता, अडलं कुठे, कोणाला विचारता येईल. खोटं तपशिलात आणि पडताळणीत सापडतं. उमेदवाराच्या भुवया हलल्याच, तर ‘हा प्रश्न नीट कळला का?’ एवढं विचारा. बहुतेक वेळा तो कळलेला नसतो.

आता बाबांकडे येते.

चेहरा हलवण्याचे मेंदूत दोन वेगळे रस्ते आहेत. एक ठरवून हलवायचा, एक आपसूक हलणारा. अर्धांगवायूच्या काही रुग्णांत हे स्पष्ट दिसतं: ‘हसून दाखवा’ म्हटलं तर ओठांचा एक कोपरा जागचा हलत नाही, आणि नातू काहीतरी बरळला की दोन्ही कोपरे छान वर जातात. पार्किन्सन्समध्ये बहुधा उलटं होतं. हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, डोपामिन, कमी झाल्यामुळे आपसूक रस्ता मंदावतो. पापण्या कमी लवतात, नजर रोखल्यासारखी वाटते, हसू उशिरा येतं आणि छोटं येतं, आवाज बारीक आणि एकसुरी होतो. त्या मानाने सांगून केलेली हालचाल बरी जमते. त्यामुळे घरोघरी एक ठरलेली तक्रार ऐकू येते: लग्नाच्या फोटोत बरे हसले, माझ्याशी बोलतानाच तोंड असं का? आईंना हे नीट सांगा. फोटोत त्यांना ‘हसा’ म्हणून कोणीतरी सांगितलेलं असतं. घरात आपसूक हसावं लागतं, आणि नेमकं तेच आजाराने अवघड केलं आहे. आतला आनंद, माया, चीड सगळं जागच्या जागी असतं.

अनोळखी माणसाला असा चेहरा थंड वाटतो, जवळच्याला रागीट. हावभाव मंदावलेल्या रुग्णांबद्दल डॉक्टर आणि थेरपिस्टसुद्धा चुकीची मतं बनवतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे ‘चेहरा पडलेला आहे म्हणजे डिप्रेशन’ असं परस्पर ठरवू नका. आणि दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: पार्किन्सन्समध्ये डिप्रेशन खरोखरच पुष्कळदा होतं, तेव्हा ‘तो चेहराच तसा आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. वृद्धांसाठीची नैराश्याची एक प्रश्नावली आहे, १५ प्रश्नांची, हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असतं. त्यात चेहऱ्याबद्दल एकही प्रश्न नाही, म्हणून इथे ती फार उपयोगी पडते. सायकॉलॉजिस्टकडून किंवा न्यूरॉलॉजिस्टच्या ओपीडीत ती करून घ्या.

घरात करायचं ते असं. ‘रागावलात का?’ हा प्रश्न आईंनी बंद करावा, कारण त्यात उत्तर आधीच आहे. ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारावं आणि उत्तराला वेळ द्यावा, ते उशिरा येणार आहे. आलेलं उत्तर शब्दशः खरं मानावं. दुखण्याबद्दलही चेहऱ्यावर विसंबू नये, शून्य ते दहा आकड्यात विचारावं. लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाच्या, गोळीचा अंमल असतो तेव्हा बोलणं आणि चेहरा दोन्ही थोडे मोकळे होतात, महत्त्वाचं बोलणं त्या वेळेत ठेवावं. गोळी कधी घेतली आणि चेहरा, आवाज कधी मोकळा वाटला याची आठवडाभर वहीत नोंद करा आणि पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, डोस ठरवायला मदत होते. आवाजासाठी स्पीच थेरपी लवकर सुरू केलेली बरी. तुम्ही पुण्यातच आहात, तर पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला आईंनाही घेऊन जा. बाबांपेक्षा त्यांना तिथे जास्त ओळखीचं ऐकायला मिळेल.